पास न झालेलं मशीन

देवानं प्रत्यक्ष समोर उभं राहून ‘वर माग’ म्हटलं असतं, तर आमच्या घरमालकांनी आधी गॅरंटी कार्ड मागितलं असतं, आणि त्यानं ते दाखवलंच असतं तर ‘याच्यावर दुकानाचा शिक्का नाही’ म्हणून देवाला आल्या पावली परत पाठवलं असतं. मी वाढवून सांगतेय असं कुणाला वाटत असेल तर त्यानं इंदुरात, अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या आमच्या गल्लीत येऊन कुणालाही विचारावं. त्या वर्षांत गल्लीत ज्याच्या घरी पहिला मिक्सर, पहिला रंगीत टीव्ही, पहिलं वॉशिंग मशीन आलं, त्या प्रत्येकाच्या आनंदावर या माणसानं थोडं थोडं पाणी शिंपडलेलं आहे. तरी नवी वस्तू घरात आली की पेढे द्यायला लोक आधी त्यांच्याकडेच जायचे. पेढा तोंडात टाकून ते विचारायचे, “किती दिवस चालेल म्हणतो तो?” पेढ्याचा मात्र त्यांना कधी संशय आला नाही.

मी आणि आमचे हे त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो तेव्हा ते कामाला होते ती कापडाची मिल अजून चालू होती, म्हणजे बंद पडायच्या बेतात होती. हे बँकेत, मी शाळेत शिकवायला. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून आम्हीही काका म्हणू लागलो. ते मला ‘बाई’ म्हणायचे, मास्तरणीला म्हणतात तसं. आमचं सामान वर चढत होतं तेव्हा ते जिन्याच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभे होते, पांढरा शर्ट, पांढरी पँट, चेहरा जकात नाक्यावरच्या माणसाचा. टेबल गेलं, ट्रंका गेल्या, गादीच्या वळकट्या गेल्या. मिक्सरचं खोकं दिसल्याबरोबर त्यांचा हात आडवा आला.

“आत मोटर आहे ना?”

“असेलच की काका,” मी म्हटलं.

“असेलच मतलब? उघडून नाही बघितली?”

नवा कोरा मिक्सर कुणी उघडून बघत नाही, असं मी सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे इतक्या कीवेनं पाहिलं की मला माझ्या बी.एड.ची लाज वाटली. मग त्यांनी तो खाली त्यांच्या ओट्यावर नेऊन चालू केला, त्याच्या डोक्यावर तळवा टेकवला आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरसुद्धा इतका वेळ नाडी बघत नाही. शेवटी म्हणाले, “डावीकडे जास्त थरथरून राहिला आहे. वापरा, पण पास नाही. याच्याकडे पाठ करून उभ्या नका राहू.” पुढे कितीतरी वर्षं मी त्या मिक्सरकडे तोंड करूनच चटणी वाटली. काका खुळे आहेत असं मी स्वतःला रोज सांगायची, पण पाठ करायची हिंमत झाली नाही.

हे ‘पास’ आणि ‘पास नाही’ मिलमधून आलेलं. काका मागांच्या खात्यात सुपरवायझर होते. सबंध दिवस मागांच्या रांगांतून फिरायचं, चालत्या मागावर तळवा ठेवायचा, कापडावरून बोटं फिरवायची आणि निकाल द्यायचा, हे त्यांचं काम. म्हणजे संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळायचा. पुढे मिल बंद झाली, पगार थांबला, पण सवय कशी थांबणार? तेव्हा इंदुरात मिल्स एकेक करून बंद पडत होत्या आणि शोरूम एकेक करून उघडत होत्या, त्यामुळे संशयाला रिकामा वेळही भरपूर होता आणि मालही भरपूर.

कुकरची गोष्ट घ्या. काकू कुकर लावायच्या आणि काका स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसायचे. शिट्टी झाली की बोट मोडायचे. मी एकदा म्हटलं, “काका, त्याची शिट्टी वर आम्हाला ऐकू येते, तुम्ही समोर बसून काय करता?” तर म्हणाले, “शिट्टीनं सांगायचं आणि आपण मानायचं? वाफ निघताना दिसली पाहिजे.” वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही त्यांना दुकानात घेऊन गेलो. गल्लीची तशी रीतच पडली होती. विकणाऱ्याच्या तोंडाकडे काका एकटक बघत बसायचे आणि तो बिचारा बोलता बोलता अडखळायचा, वस्तूतले दोष आपण होऊन सांगून टाकायचा. अशा नजरेचा माणूस बरोबर असलेला बरा. त्या दिवशी त्यांनी वरून झाकण लावायची सगळी मशीनं नापसंत केली आणि पुढे काचेची खिडकी असलेल्या एका मशीनसमोर जरा मऊ झाले. “हे निदान तोंड तरी दाखवून राहिलं आहे,” म्हणाले. पास नाहीच केलं, पण त्यांच्या तोंडून कुठल्याही यंत्राबद्दल इतका चांगला शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

दुकानदार म्हणाला, “भियाजी, एक्सचेंज ऑफर है, पुरानी मशीन दो, नई ले जाओ.”

काकांनी विचारलं, “पुरानी का क्या करोगे?”

“करना क्या है, कबाड़ में जाएगी.”

काका माझ्याकडे वळून म्हणाले, “ऐकलंत ना बाई? आम्हाला पण मिलनं हीच ऑफर दिली होती. फरक इतका, की नवा माणूस कुणी आणला नाही.” आणि ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. आमचे हे ते खिडकीवालं मशीनच घेऊन आले.

खरं सांगायचं तर त्यांच्या खाली-वर राहून माझीही नजर बिघडली. आता मलाही दिसायला लागलं की प्रत्येक खोक्यातल्या माहितीपुस्तिकेत जगातल्या सगळ्या भाषा असतात, फक्त आपली नसते, आणि हिंदी असते ती कुणाच्या घरात बोलत नाहीत अशी. ‘उघडू नये’ हे मोठ्या अक्षरांत असतं आणि ‘बिघडल्यास’ हे डोळे फुटतील इतक्या बारीक अक्षरांत. जी वस्तू मुकाट्यानं काम करायची ती आता टूं टूं करून जाहीर करते की मी काम केलं, आणि आपणही धावत जाऊन तिचं कौतुक करतो. सून म्हणून मी सासरी काम केलं तेव्हा असं टूं टूं केलं असतं तर सासूबाईंनी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे.

टीव्हीशी त्यांचं वैर वेगळ्या जातीचं होतं. रंगीत टीव्ही त्यांच्या घरी मुलीनं आणला, म्हणून त्यांनी सोसला. रिमोट दोनदा वास घेऊन कपाटात ठेवला. बातम्या मात्र ते चुकवायचे नाहीत, पण आवाज बंद करून बघायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं टीव्ही बिघडला. पडद्यावर कुणी मंत्री हात हलवून काही सांगत होते आणि खोलीत चिडीचूप. काका पुढे झुकून त्यांच्या ओठांकडे बघत होते. “आवाज लावू का?” मी पुढे येऊन विचारलं. “नको,” म्हणाले. “आवाज फसवतो. तोंड नाही फसवत. मिल चालू ठेवू म्हणतो आहे, आणि म्हणताना ओठ बघा कसे आवळले.” मिल चालू राहिली नाही, म्हणजे त्या ओठांबद्दल त्यांचं बरोबरच होतं.

मुलगी म्हणजे नंदू. एकुलती एक. आम्ही आलो तेव्हा ती कॉलेजात होती आणि बापलेकीची एक विचित्र खोड माझ्या पहिल्याच महिन्यात लक्षात आली. ती फाटकाशी स्कूटर लावत असायची, काका ओट्यावर असायचे आणि दोघांचे ओठ हलत असायचे, आवाज मात्र नाही. मधेच दोघं हसायची. काकू वैतागून म्हणायच्या, “पाहिलंत? माझ्याबद्दलच बोलून राहिले असतील.” मला वाटलं, असतो एकेका घरचा खेळ.

नंदू संगणकाचं शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली. मिल बंद झाल्याची नोटीस गेटवर लागली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं जाणं आलं. विमानासाठी आधी गाडीनं जायचं होतं, म्हणून आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. काका हात मागे बांधून उभे. गाडी हलली तेव्हा बंद काचेच्या खिडकीपलीकडे नंदू, आणि काकांचे ओठ काही तरी म्हणाले. पोचल्यावर तिचा पहिला फोन आला तेव्हा तिनं मला तेच विचारलं. “बाई, बाबा खिडकीपाशी काय म्हणाले? काचेवर ऊन होतं, मला दिसलं नाही.” ‘ऐकू आलं नाही’ असं न म्हणता ‘दिसलं नाही’ म्हणाली, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण अमेरिकेचा फोन म्हटलं की तेव्हा माणूस नुसता ओरडत असे, शब्द कोण तोलून बघतो.

तिचे फोन आमच्याकडे यायचे, कारण फोन आमच्याच घरी होता. वर्षानुवर्षं नंबर लावून न मिळणारी ही वस्तू त्या काळात एकदम मागाल त्याला मिळायला लागली, आणि तिथेच काकांना पहिला संशय आला. तार त्यांच्या भिंतीला न लावता बाहेरून फिरवून आणायला त्यांनी आम्हाला लावली. रविवारी सकाळी, पोह्यांच्या वेळेला घंटी वाजायची. काकू पदर खोचून जिना चढायच्या, हसायच्या, डोळे पुसायच्या. काका खाली ओट्यावर बसून राहायचे. “काका, नंदू विचारतेय तुम्हाला,” मी वरून हात हलवून हाक मारायची. ते मान वर करायचे आणि म्हणायचे, “आवाज कुणाचाही काढता येतो, बाई. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं?”

एका दिवाळीला काकूंनी त्यांना हाताला धरून वर आणलंच. रिसीव्हर त्यांनी कानापासून थोडा लांब धरला, विंचू धरतात तसा, आणि एकच प्रश्न विचारला. “आपल्या दारात कुठलं झाड आहे?” पलीकडून नंदू ओरडून काही म्हणाली, शेजारी उभ्या असलेल्या मलासुद्धा ऐकू आलं. सीताफळ. आमच्या दारात सीताफळच होतं, खिडकीतून समोर दिसत होतं. काका रिसीव्हरकडे बघून म्हणाले, “चूक. ही नंदू नाही.” रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि खाली निघून गेले. मी कानाला लावला तेव्हा ती रडत होती. “मिल बंद पडली आणि मी त्यांना टाकून निघून आले, असं वाटतं ना त्यांना? अजून रागावलेत. बाई, खरं सांगा, नाव टाकलं का त्यांनी माझं?” मला काकांचा इतका राग आला होता की त्या दिवशी खाली फराळाचं ताटही मी पाठवलं नाही, आणि त्यानंतर दर रविवारी ती हाच प्रश्न विचारी आणि दर रविवारी मी काही तरी बनवून सांगे.

तेव्हा मध्य प्रदेशात वीज जायची ती नेमानं जायची, म्हणजे रोज. एका संध्याकाळी मी शाळेच्या वह्या घेऊन जिन्यात असतानाच गेली. काळोखात खाली काकांचा पांढरा शर्ट तेवढा दिसत होता. मी म्हटलं, “काका, मेणबत्ती द्या हो.” उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडून म्हटलं. ते जिन्यापासून चार पावलांवर असून हलले नाहीत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू टॉर्च घेऊन आल्या. कुणीही टॉर्च समोरच्या वाटेवर पाडेल, जिन्यावर पाडेल. काकूंनी तो उलटा धरला आणि स्वतःच्या चेहऱ्यावर पाडला. मग सावकाश म्हणाल्या, “अहो, बाईंना मेणबत्ती हवी आहे.” काका म्हणाले, “हां, हां, देतो ना,” आणि आत गेले.

मी वह्या घेऊन तिथेच पायरीवर बसले. कुकरच्या वाफेपासून टीव्हीपर्यंत सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. माणूस संशयी नव्हता असं मी म्हणणार नाही, संशयी तो होताच, पण त्या संशयाच्या पांघरुणाखाली त्यानं कान झाकून घेतले होते.

काकू दुसऱ्या दिवशी वर आल्या आणि पदराशी चाळा करत सगळं बोलल्या. मागांच्या खात्यात इतका आवाज असतो की माणसाला स्वतःची हाक ऐकू येत नाही. तिथे कुणी बोलतच नाही, सगळे ओठ हलवतात आणि दुसरा ते वाचतो, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जन्म तिथे गेला, कान तिथेच राहिले. नंदू लहान असताना ते मिलच्या चाळीत राहायचे. शाळेच्या फाटकातून ती आणि मिलच्या गेटातून हे, रस्ता मधे ठेवून गप्पा मारायचे. “त्याच्यामुळे तिला पत्ताच नाही लागला बघा. घरात तशीच बोलायची ना त्यांच्याशी. बाबांना कमी ऐकू येतं हे तिला कळायला वावच नव्हता.”

“मग सांगत का नाहीत?” मी चिडून म्हटलं. “ती तिकडे रडतेय.”

“मिलमध्ये ज्याला ऐकू नाही यायचं ना, त्याला खात्यातून काढून गेटवर चौकीदाराचं स्टूल द्यायचे,” काकू म्हणाल्या. “त्या स्टुलाची भीती बसली आहे त्यांना. मिल गेली, स्टूल गेलं, भीती नाही गेली. लोक संशयी म्हणतात ते चालतं त्यांना. बहिरा म्हटलेलं नाही चालणार. तुम्हाला माझी शपथ आहे, नंदूला नाही सांगायचं. तिनं दया केलेली त्यांना सहन नाही होणार.”

कानात घालायचं यंत्र काकूंनी आणून पाहिलं होतं. ‘चष्म्याबरोबर फुकट मिळालं’ असं खोटं सांगून दिलं, म्हणजे फुकटचा संशय आणखी वर. काकांनी ते दोन दिवस घातलं. त्यांना माणसांचं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू येऊ लागलं, ताटल्या, बिजागऱ्या, स्वतःचं चावणं. मग त्यांनी ते खोलून पाहिलं आणि पुन्हा काही जोडलं नाही. “कानात बसून हे आपलंच ऐकून राहिलं आहे,” असा निकाल मिळाला.

शपथ म्हणजे शपथ. मी नंदूला काही सांगितलं नाही, पण माझं डोकं स्वस्थ बसेना. आणि नेमकं त्याच सुमारास आमच्या चौकातल्या एसटीडी बूथवाल्यानं बूथ मोडून तिथे इंटरनेटचं दुकान थाटलं. प्लायवूडच्या खोपट्या, त्यात संगणक, आणि दारावर पाटी, की इथे परदेशातल्या माणसाशी समोरासमोर बोला. मी ती पाटी वाचली आणि रस्त्यातच उभी राहिले. यांच्या बँकेतून नंदूला ई-मेल गेलं, दिवस ठरला. प्रश्न एकच होता, काकांना तिथवर न्यायचं कसं? ‘नंदूशी बोलायला चला’ म्हटलं असतं तर ते हलले नसते. म्हणून मी खाली गेले, त्यांच्यासमोर, उजेडात उभी राहिले आणि तोंड नीट हलवत म्हटलं, “काका, चौकात लोकांना फसवायचं एक नवीन मशीन आलंय. माणूस अमेरिकेत असतो आणि तोंड इथे दिसतं म्हणतात. माझा तर विश्वास बसत नाही.”

“शक्यच नाही,” काका म्हणाले. “कुछ तरी लफडा आहे.” आणि चप्पल शोधायला लागले.

दुकानात त्यांनी आधी संगणकाच्या मागे जाऊन पाहिलं, मग खोपटीची भिंत वाजवून पाहिली, मग त्या लिंबाएवढ्या कॅमेऱ्यावर तळवा ठेवला. “थरथरत पण नाही,” म्हणाले. त्यांच्या मते हे वाईट लक्षण होतं. दुकानदारानं त्यांना खुर्चीवर बसवून कानांवर हेडफोन चढवला. मी आणि काकू मागे उभ्या. पडदा निळा झाला, काळा झाला आणि मग अडखळत अडखळत एक चेहरा जमला. नंदू. तिकडे शनिवारची रात्र होती, तिच्या मागे दिवा होता. ती घाईघाईनं काही बोलत होती, हेडफोनमधून तिची चिवचिव मला मागे ऐकू येत होती, ‘हॅलो, बाबा, ऐकू येतंय का, हॅलो’. काकांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी खुर्ची मागे सारली. मला वाटलं, संपलं, आता म्हणतील ही नंदू नाही, आणि या वेळी ते तिला तोंडावर म्हणतील. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

काका उठले नाहीत. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“भियाजी, उसको लगाओ, नी तो आवाज कैसे आएगी?” दुकानदार म्हणाला.

“आवाज चाहिए किसको है?” काका म्हणाले. आणि पडद्याकडे झुकून त्यांनी आवाज न काढता, सावकाश ओठ हलवले.

“झाड विचारून राहिले आहेत,” पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्यांचे ओठ बघून काकू माझ्या कानात म्हणाल्या.

नंदू बोलता बोलता थांबली. पडद्यावरचं चित्र गोठलं असं मला वाटलं, पण चित्र गोठलं नव्हतं, तीच गोठली होती. मग तिनं आपल्या कानांवरचं काढलं, मागचा दिवा पुढे ओढून चेहऱ्यावर घेतला, आणि ओठांनी म्हणाली, सीताफळ. ते मलासुद्धा वाचता आलं. काकांनी मांडीवर हात मारला. “हां,” ते मोठ्यानं म्हणाले, सबंध दुकान वळून बघेल इतक्या मोठ्यानं. “ही आपलीच आहे.”

त्यानंतर त्या खोपटीतून आवाज आला नाही. बाप इकडे ओठ हलवत होता, लेक तिकडे हलवत होती. चित्र मधेच अडकायचं, नंदू अर्ध्या शब्दावर थांबायची, मग काकाही थांबायचे, आणि ती सुटली की पुढे चालू. काकूंनी पडद्याकडे निरखून पाहिलं, मग म्हणाल्या, “आता खात्यातलं पक्कं बोलायला लागले, हे मला नाही समजत.” दुकानदार दोनदा येऊन तारा हलवून गेला. “मैडम, मशीन तो ठीक है, ये लोग बोल क्यूँ नी रिए?” मी पदर डोळ्यांना लावून भिंतीकडे बघत होते. मला रडू येत होतं.

घरी येताना काकांनी मशीनवरचा अहवाल दिला. “खोटारडं आहे, बाई. माणसाला फिकट दाखवतं. तिचे केस पिकलेले दाखवले, आणि गालफडं बसलेली. आपली नंदू अशी नाही.” थोडं चालल्यावर म्हणाले, “तोंड मात्र तिचंच होतं.”

ते काय बोलले हे मला नंदूनं पुढच्या फोनवर सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणाली, “झाडाचं झाल्यावर बाबांनी पहिलं वाक्य हेच म्हटलं, की मी रागावलो नाही गं, मला ऐकूच येत नाही. मिलपासूनच नाही येत. इंदुरात कुणाला माहीत नाही, तू पण सांगू नकोस.” भर चौकातल्या दुकानात, मी आणि काकू पाठीशी उभ्या असताना, त्यांनी ते सांगितलं होतं, आणि आमच्यापैकी कुणाच्याही कानावर पडलं नाही. “आणि बाई,” नंदू हसत होती की रडत होती, फोनवर मला कळेना, फोनचं हेच वाईट आहे. “स्टेशनवर खिडकीतून काय म्हणाले होते तेही विचारलं. म्हणाले, या डब्याचा एसी पास नाही, अंगावर शाल घे.”

काकांना मी कधी कळू दिलं नाही की मला माहीत आहे. पुढच्या रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, “चला बाई, एकदा बघून भागत नाही. मशीन परत तपासावं लागेल.” त्याच्या पुढच्या रविवारीही तपासावं लागलं. मग मला बोलवायचे थांबले, काकूंना घेऊन, आणि काकू गेल्यावर एकटेच, काठी टेकत जायचे. दुकानदार त्यांच्यासाठी कोपऱ्यातली खोपटी राखून ठेवायचा आणि हेडफोन आधीच काढून ठेवायचा.

आता ते दुकान नाही, मिलचा भोंगा नाही, काकाही नाहीत. नंदू माझ्या हातातल्या फोनवर येते, केस खरंच पिकलेत तिचे, आणि बोलणं झालं की ठेवण्याआधी थोडा वेळ नुसते ओठ हलवते. मला ते वाचता येत नाही. मी मान डोलावते, कारण ते माझ्यासाठी नसतंच. काकांनी ते मशीन किती रविवार तपासलं त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण मी एकदा सहज विचारलं होतं, “काका, झालं का आता पास?” त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, “अजून खात्री नाही झाली, बाई. पास केलं की मग कशाला जायचं?”